मुलाचे ताट आणि बापाची जबाबदारी

मूल भाजी खात नाही, सारखे बिस्किट मागते, अशी तक्रार निघाली की दोष तत्काळ आईच्या पदरात पडतो. ‘सवयच लावली नाही’ असे म्हणणारा गृहस्थ त्या वेळी बहुधा वाढलेल्या ताटावर बसलेला असतो. सवय कशाने लागते, हा प्रश्न त्याला पडत नाही.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड लागते. तान्ह्याचे पोट लहान. म्हणून थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा भरवावे लागते. नवी चव मूल प्रथम थुंकून टाकते. तोच भोपळा, तीच मेथी न रागावता आठ-दहा वेळा पुढे केली म्हणजे ते हळूहळू खाऊ लागते. यासाठी सर्वांत आधी हवा असतो तो वेळ. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या बाईपाशी तो कोठून असावा? अंधारातच ती कोपीतून फडावर जाते. मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते, आणि त्या बहिणीपाशी असतो चहा व पाच रुपयांचा पुडा. चहात बुडविलेले बिस्किट चावावे लागत नाही, भूक तेवढ्यापुरती मोडते, आणि मग भाकरी नकोशी होते. या बाईला पोषणावर व्याख्यान देणे ही तिची थट्टाच होय.

ज्या घरांत वेळ आणि धान्य दोन्ही आहे, तेथे तरी काय घडते? मुले उपदेशाकडे लक्ष देत नाहीत, मोठ्यांच्या ताटाकडे देतात. बापाने पालेभाजी बाजूला सारली की मुलगाही सारतो. पुरुषांची पंगत उठल्यावर आई उरलेसुरले खाते, हे रोज पाहणारी मुलगी आपल्या वाट्याला कमीच यायचे, हे बिनबोभाट शिकते. हीही खाण्याची सवयच आहे. समतेच्या ठरावावर रात्री उशिरापर्यंत बोलणाऱ्या कार्यकर्त्यांची घरे याला अपवाद आहेत, असे छातीठोकपणे सांगणे कठीण.

घरात न साधलेले पुष्कळदा अंगणवाडीत साधते. शेजारचे मूल उसळ खाते म्हणून हट्टी मूलही खाते. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बालकांच्या आहाराला हक्काचे रूप दिले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. शाळकरी मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचे राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि शाळांनी लोकसहभागातून भागवावे असे सुचविले. मुलांच्या एका अंड्यासाठी वर्गणी मागावयास सांगणाऱ्या शासनाने आईबापांना सकस आहाराचे धडे द्यावेत, हे नवलच.

ऊसतोडीच्या हंगामात मुलाचे नाव गावच्या पटावर आणि मूल फडावर, अशी स्थिती असते. प्रत्येक कारखान्याच्या परिसरात, मजुरांच्या तळापाशीच, पहाटेपासून उघडी राहणारी अंगणवाडी व पाळणाघर हवे, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या गळीत हंगामापूर्वीच लावून धरावी. आणि सभा थोडी लवकर आटोपून, घरचे मूल जागे आहे तोवर, एक वेळचा घास स्वतः भरवावा.