रंगमंचावरचे वेड कोणासाठी?

१/ 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यातले वेड शालीसारखे आहे. कार्यभाग साधला की उतरवून ठेवायचे. नाटक-सिनेमानेही मनोविकार बहुधा असाच वापरला, असे माझे मत आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ लंडनमध्ये बेथलेम हे मनोरुग्णालय होते. लोक त्यास 'बेडलम' म्हणत. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील रुग्णांना पाहण्यास माणसे हौसेने जात आणि जाताना पैसे देत. या सर्रास प्रवेशाला आळा बसला तो १७७० मध्ये.

३/ त्याच शहराची रंगभूमी पाहा. वेबस्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी'त बंदिवान नायिकेला छळण्यासाठी तिच्यापुढे वेडे नाचवले जातात. मिडलटन व रोली यांच्या 'द चेंजलिंग'मध्ये (१६२२) लग्नाच्या करमणुकीसाठी वेड्यांचे नृत्य योजले जाते. या माणसांना काय सोसावे लागते, हा प्रश्न तेथे गौण आहे.

४/ शेक्सपिअरचा हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो. ऑफेलियाचे भान मात्र खरोखर हरपते. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि पुढे गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला. सोंग घेणाऱ्याच्या वाट्याला थोर स्वगते आली. ऑफेलियाचा मृत्यू तर आपल्याला राणीच्या तोंडून कळतो.

५/ त्या काळी वैद्यकच अपुरे होते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणून अलीकडचे उदाहरण घेऊ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये मुलांमधील स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतर ४५ वर्षांनी 'रेन मॅन' आला.

६/ डस्टिन हॉफमन यांना रेमंडच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. स्वमग्नता हा शब्द जगभर पोहोचला, हे या चित्रपटाचे श्रेय नाकारता येत नाही. पण सांडलेल्या काड्या क्षणात मोजणारा, पत्ते लक्षात ठेवून जुगार जिंकून देणारा रेमंड हाच नमुना ठरला. बहुतेक स्वमग्न व्यक्तींकडे असे अचाट कौशल्य नसते.

७/ शेवट आठवा. स्वार्थी धाकटा भाऊ चार्ली माणसात येतो आणि रेमंड पुन्हा संस्थेत परततो. म्हणजे रेमंड आला तो चार्लीला सुधारण्यासाठी!

८/ आता मराठी 'देवराई' (२००४). समाजकार्याच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे आलेल्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांची ही कृती. अतुल कुलकर्णींचा शेष स्किझोफ्रेनियाने ग्रस्त आहे. तो खुनी नाही, विदूषक नाही, अवलियाही नाही. त्याला देवराईचा ध्यास आहे. सोबत औषधे आहेत, बहिणीची ओढाताण आहे आणि सावकाश पडणारा फरक आहे.

९/ नाटकाला नाट्य हवे, हे मान्य. परंतु औषधाची गोळी रोज घेण्यात आणि घरच्यांनी ती रोज आठवणीने देण्यात नाट्य नाही, हे कोणी ठरवले?

१०/ 'अभिनय हुबेहूब होता का?' एवढेच विचारून थांबू नये. त्या पात्राला स्वतःला काय हवे होते आणि अखेरीस आयुष्य कोणाचे बदलले, हेही विचारावे. ज्या घरात असे माणूस आहे, त्या घराकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतात, हे पुष्कळदा पडद्यावर पाहिलेल्या 'वेड्या'वरून ठरते.

११/ या दोन प्रश्नांवर उतरेल अशी एखादी कलाकृती आपल्या पाहण्यात असेल, तर खाली अवश्य नोंदवा.