दमा : धाप थांबली, दुखणे नाही

धाप लागली की पंप ओढायचा आणि श्वास मोकळा होताच पुढची लोकल गाठायची, एवढ्यावरच वसई-विरारकडील अनेक दमेकरी आपला आजार निभावून नेतात. परंतु धाप ओसरली तरी आतील दुखणे चालूच राहते, हे सत्य समाजाच्या अद्याप अंगवळणी पडलेले नाही.

दमा हा मुळात श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार होय. शिकागोच्या ह्यूबर आणि केसलर या संशोधकांनी १९२२ मध्येच दम्याने दगावलेल्यांच्या श्वासनलिकांच्या भिंती जाड झाल्याचे दाखवून दिले होते. तीव्र दम्यात अस्तराखालचा पडदा जाडावतो, भोवतीचे स्नायू वाढतात, कफ स्रवणाऱ्या पेशी बळावतात. हे बदल काही रुग्णांत बालपणीच आढळतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की संथ प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो, हे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी जाणतो. सालब्युटामॉलचा पंप स्नायू घटकाभर सैल करतो. जाडावलेली भिंत त्याने पातळ होत नाही. दाह आवरण्यासाठी श्वासावाटे नियमित घ्यावयाचे स्टिरॉइडच लागते. म्हणूनच केवळ सालब्युटामॉलवर विसंबू नये, असे ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०१९ मध्ये बजावले.

आपल्याकडे मात्र ‘पंपाची सवय लागते’ हा समज दृढ आहे. वस्तुतः या पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते व ती थेट फुप्फुसात पोहोचते. २०१९ च्या जागतिक पाहणीनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. दम्याच्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. ही तफावत उपचारांतील उणिवेकडेच बोट दाखवते.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर गेली. पूर्वेस कारखाने व महामार्ग, सर्वत्र बांधकामांची धूळ. हवा सुधारण्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ज्या दशलक्षी शहरांना निधी दिला, त्यांत हे शहर आहे. हा निधी सत्कारणी लागलाच पाहिजे. तथापि हवा निवळेपर्यंत दमेकऱ्याने उपचारांसाठी थांबावे काय? महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात दाहशामक पंप अखंड मिळावेत, श्वासाचा जोर मोजणारे साधे उपकरण असावे. वर्गात वारंवार ढास लागणाऱ्या मुलाकडे शिक्षकांनी पालकांचे लक्ष वेधावे. जाडावलेली भिंत पूर्ववत होईल याची शाश्वती नाही. ती जाडावण्यापूर्वीच उपचार सुरू होणे निकडीचे आहे.