रिकामा राहणारा रकाना

युरोपच्या ग्रुपची तिकिटे काढताना आपण काय काय तपासतो? पासपोर्टची मुदत, नावाचे स्पेलिंग, जेवण शाकाहारी की जैन, व्हीलचेअर कोणाला, खिडकी कोणाला. पीएनआरमध्ये हे सगळे नीट भरलेले असते. रिकामा राहतो तो फ्रीक्वेंट फ्लायर क्रमांकाचा रकाना. प्रवासी सांगत नाही, आपण विचारत नाही आणि त्याने पैसे मोजून घेतलेल्या प्रवासाचे पॉइंट कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. तोच प्रवासी परत आल्यावर मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ पाहून काउंटरवर येतो आणि विचारतो, "अमुक कार्ड घेतलं की बिझनेस क्लास फुकट मिळतो म्हणे, खरं का?" हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे ते हेच.

या अंकात पॉइंट मिळवण्याच्या स्वस्त मार्गांवर बरेच काही आहे. आमचे मत मात्र आधीच सांगून टाकतो. ज्या पॉइंटासाठी ग्राहकाला एक रुपयाही जास्त खर्चावा लागला नाही, तोच स्वस्त पॉइंट. बाकी सगळा हिशेबाचा मामला, आणि तो हिशेब ग्राहकाला करून दाखवणे हे आता आपले काम आहे. 2008 मध्ये विमान कंपन्यांनी कमिशन बंद केले तेव्हापासून आपली चूल सर्व्हिस चार्जवर चालते. "अ‍ॅपवर हेच तिकीट मिळतं, मग तुम्हाला वरचे पैसे कशाला द्यायचे?" या प्रश्नाला आपल्यापैकी अनेकांकडे अजून धड उत्तर नाही. पॉइंटांचा सल्ला हा त्या उत्तराचा एक भाग होऊ शकतो.

1979 मध्ये टेक्सास इंटरनॅशनलने मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सची 'एअ‍ॅडव्हांटेज' आली, तेव्हा हिशेब सरळ होता. जितके लांब उडाल तितके मैल. आता अनेक मोठ्या कंपन्या त्यांच्या स्वतःच्या विमानातल्या प्रवासाला तिकिटावर खर्च केलेल्या रकमेनुसार पॉइंट देतात. एअर इंडियानेही 2024 च्या एप्रिलमध्ये हाच रस्ता धरला. त्यामुळे 'दोन थांबे घेऊन वळसा घालून जा, पॉइंट जास्त मिळतील' हा जुना सल्ला बऱ्याच ठिकाणी निकामी झाला आहे. पण एका कंपनीच्या विमानाने जाऊन पॉइंट तिच्या भागीदार कंपनीच्या खात्यात घेतले, तर अनेक योजनांत अजूनही अंतर आणि भाड्याचा वर्ग यांवरच गणित होते. प्रवास कोणाचा आणि खाते कोणाचे, ही निवड तिकीट काढणाऱ्याच्या हातात असते. आपली खरी कसोटी इथे आहे.

आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचे उदाहरण घेऊ. मुलगा-सून न्यू जर्सीत, आईवडील पुण्यात किंवा ठाण्यात. दोन-तीन वर्षांतून एकदा फेरी होते. एकदा एमिरेट्स स्वस्त मिळाली म्हणून दुबईमार्गे, पुढच्या खेपेला लुफ्तान्साने फ्रँकफर्टमार्गे, त्यानंतर थेट विमान हवे म्हणून एअर इंडियाने. खाती उघडलीच तर तीन उघडतात आणि तिन्हींत तिकिटाला पुरे पडणार नाहीत एवढेच पॉइंट पडून राहतात. एअर इंडिया 2014 च्या जुलैपासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर, टर्किश, स्विस या त्याच गोतावळ्यातल्या. म्हणजे वरच्या तीनपैकी दोन फेऱ्यांचे पॉइंट एकाच खात्यात घेता आले असते. कतार आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, त्यांचे खाते बहुधा वेगळेच ठेवावे लागते.

आता मुदतीचे पाहा. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल तीन वर्षांनी संपतात. वर्षात चार वेळा उडणाऱ्या कंपनी अधिकाऱ्याला त्याची अडचण नाही, पण तीन वर्षांतून एकदा नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांना ते खाते काय कामाचे? युनायटेडने 2019 मध्ये मैलांची मुदतच काढून टाकली. अशा प्रवाशांनी एअर इंडियाचा आणि लुफ्तान्साचा प्रवास युनायटेडच्या खात्यात जमा केला, तर ते मैल निदान वाट पाहत थांबतात. यात एक मेख आहे, आणि ती न तपासता ग्राहकाला शब्द देऊ नये. भाड्याच्या वर्गाचे अक्षर. अगदी स्वस्त वर्गावर भागीदार कंपनी पाव हिस्सा देते किंवा काहीच देत नाही. प्रत्येक योजनेचा तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, तो तिकीट काढण्याआधी पाहायचा. दोन वर्गांतल्या भाड्यात थोडाच फरक असेल तर ग्राहकाला तो सांगायचा आणि ठरवायचे त्याने. ग्रुप भाड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. बऱ्याच योजना त्यावर पॉइंट देतच नाहीत. करार करतानाच कंपनीच्या ग्रुप डेस्कला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सहलीच्या माहितीपत्रकात 'माइल्स मिळतील' असे छापून मागाहून हात वर करणारे काही आपल्याच व्यवसायात आहेत.

सर्वांत जास्त पॉइंट बुडतात ते मात्र नावापायी. समजा पासपोर्टवर पहिल्या नावाच्या ओळीत 'सुनीता वसंत' आहे आणि आडनाव कुलकर्णी. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लावण्याची पद्धत, त्यामुळे तिकिटावर दोन्ही नावे जोडून 'सुनीतावसंत' असे छापून येते. बाईंनी मोबाइलवर खाते उघडताना नुसते 'सुनीता कुलकर्णी' लिहिलेले असते. दोन नोंदी जुळत नाहीत, पॉइंट अडकतात आणि दावा केला की ओळखपत्राची मागणी सुरू होते. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि सासरच्या नावाचे खाते असेल तर विचारूच नका. यावर उपाय अगदी साधा आहे. खाते आपल्या काउंटरवर, पासपोर्ट समोर ठेवून, त्यातल्या अक्षराबरहुकूम उघडायचे. ईमेल ग्राहकाचा स्वतःचाच द्यायचा, ऑफिसचा नाही. पासवर्डही त्याच्याकडेच राहू द्यायचा. मग क्रमांक पीएनआरमध्ये घालायचा, एफक्यूटीव्हीची नोंद कन्फर्म झाली की नाही ते पाहायचे आणि प्रवाशाला बजावायचे की पॉइंट दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. राहिलेले पॉइंट मागण्याची मुदत अनेक योजनांत सहा महिने असते. तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे असतोच. प्रवासी परतल्यावर पंधरवड्याने एक फोन करून 'पॉइंट आले का' विचारणारा एजंट पुढचे तिकीट गमावत नाही.

घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकत्र करण्याची सोयही पुष्कळांना माहीत नसते. एमिरेट्सची 'माय फॅमिली' आहे, ब्रिटिश एअरवेजचे घराचे सामाईक खाते आहे. दुबईत नोकरी करणारा मुलगा आणि वर्षातून एकदा त्याच्याकडे जाणारे आईवडील, अशा घरांना ही सोय चपखल बसते. दोन वर्षांवरच्या मुलांचेही एमिरेट्समध्ये खाते निघते. पूर्ण तिकीट भरलेल्या नातवाचे पॉइंट वाया का घालवायचे?

देशांतर्गत प्रवासात चित्र अलीकडेच बदलले. इंडिगोने वर्षानुवर्षे असली योजना ठेवलीच नव्हती. 2024 मध्ये 'ब्लूचिप' आणली. अशा योजनांकडे आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे, कारण पॉइंट हे गिऱ्हाईक आपल्या काउंटरवरून उचलून नेण्याचे साधनही आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 2024 च्या सुरुवातीला जाहीर केले होते की साध्या सदस्यांना कंपनीकडे थेट किंवा तिने पसंत केलेल्या एजन्सीकडे बुकिंग केले तरच मैल मिळतील. एजंटांनी आणि कॉर्पोरेट ग्राहकांनी असा काही विरोध केला की मे महिन्याच्या अखेरीस कंपनीला तो बेत गुंडाळावा लागला. हे आपल्याकडे कधी येईल ते येवो. आपण त्याआधी सावध असलेले बरे.

आता क्रेडिट कार्ड. महिन्याचे बिल पूर्ण भरणाऱ्याने घरखर्च, विमा, पेट्रोल कार्डावर करून त्याचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले तर त्यात वाईट काहीच नाही. पण बिल थकले की दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, त्यावर 18 टक्के जीएसटी. शंभर रुपयांच्या खर्चावर रुपया-दीड रुपयाचे पॉइंट मिळवायचे आणि महिन्याला साडेतीन रुपये व्याज मोजायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कार्डाने घरभाडे भरून पॉइंट गोळा करण्याची टूमही काही वर्षे चालली. आधी बँकांनी त्यावर शुल्क लावले, मग 2025 च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर अनेक अ‍ॅपनी ती सोयच बंद केली.

आपल्यातले काही जण ग्राहकाची तिकिटे स्वतःच्या कार्डावर काढून पॉइंट खिशात घालतात, त्यांनाही दोन शब्द. वैयक्तिक कार्ड धंद्यासाठी वापरायला बहुतेक बँकांची मनाई असते. विमान कंपनीची संमती नसताना बीएसपीत एजंटचे स्वतःचे कार्ड चालत नाही. वर्षभरात दहा लाखांवर कार्डबिल भरले की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते. त्यात सबएजंटचे पैसे अडकले की पॉइंट गेले उडत, आधी कर्जाचा हप्ता.

'मग लोक कोट्यवधी पॉइंट कसे मिळवतात?' असे विचारणाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्सची गोष्ट सांगावी. 1999 मध्ये 'हेल्दी चॉइस' या खाद्यपदार्थांच्या ब्रँडने वेष्टनांवरच्या बारकोडच्या बदल्यात मैल देऊ केले. या अभियंत्याच्या लक्षात आले की पंचवीस सेंटच्या पुडिंगच्या कपालाही तीच सवलत लागू आहे. त्याने बारा हजारांवर कप घेतले, सुमारे 3,140 डॉलर खर्चून साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळवले, म्हणजे मैल पाव सेंटला पडला. एवढे बारकोड मुदतीत सोलायचे कोणी? त्याने पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केले, तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड सोलून दिले आणि दानाची करसवलत वर मिळाली. पुढे अमेरिकी टांकसाळीने एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला, घरपोच आणि कार्डावर द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी नाणी मागवून ती तशीच बँकेत भरली आणि मैल पदरात पाडून घेतले. टांकसाळीने 2011 मध्ये कार्डावरची विक्री थांबवली. फिलिप्सचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण अशा फटी दिसतात कमी आणि बुजतात लवकर. ग्राहकाला त्यांच्या नादी लावणे हा सल्ला नव्हे.

पॉइंट खर्च करण्याचा हिशेब सोपा आहे, तरी तो फार थोडे लोक मांडतात. समजा एखादे तिकीट 30,000 रुपयांना आहे आणि तेच 20,000 पॉइंट अधिक 6,000 रुपये कर व अधिभार भरून मिळते. 24,000 रुपयांना 20,000 ने भागा, पॉइंटाला एक रुपया वीस पैसे मिळाले. हाच पॉइंट कंपनी दीड रुपयाला विकत असेल तर घेऊ नका. तिकिटापुरते थोडेसे कमी पडत असतील तर तेवढीच भर घालणे परवडते. कर आणि अधिभार रोख भरावेच लागतात, हे आधी सांगा. 'फुकट तिकीट' हा शब्द आपल्या तोंडून जाऊच नये.

आणि साठवून ठेवायला सांगू नका. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, तिच्या 'किंग क्लब'च्या पॉइंटांना कोणी वाली उरला नाही. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली. पॉइंट सांभाळणारी कंपनी वेगळी होती म्हणून ते 'इंटरमाइल्स' या नावाने तगले. 'क्लब विस्तारा'चे सदस्य सुदैवी, 12 नोव्हेंबर 2024 च्या विलीनीकरणानंतर त्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्ये आले. कंपनी धडधाकट असली तरी दर तिच्याच हातात राहतात. डेल्टाने 2015 मध्ये किती मैलांत कुठले तिकीट याचा तक्ताच काढून टाकला, युनायटेडने 2019 मध्ये तेच केले. तिकिटापुरते पॉइंट जमले की काढून मोकळे व्हावे.

दुसऱ्याचे पॉइंट विकत घेऊन ग्राहकाला स्वस्तात बिझनेस क्लास देणारे दलाल बाजारात फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पॉइंटांची विक्री योजनांच्या नियमांत बसत नाही. कंपनीच्या लक्षात आले की खाते गोठते, तिकीट रद्द होते आणि विमानतळावर अडकलेला प्रवासी दलालाला नव्हे, तुम्हाला फोन करतो.

वाचकांना एक विनंती. नाव न जुळल्यामुळे किंवा ग्रुप भाड्याचे कारण देऊन नाकारलेले पॉइंटांचे दावे तुमच्याकडे असतील, तर विमान कंपनीच्या उत्तराची प्रत, प्रवाशाचे नाव व पासपोर्टचे तपशील खोडून, आमच्याकडे पाठवा. पुरेशी प्रकरणे जमली की ती आपल्या संघटनांमार्फत कंपन्यांपुढे ठेवू आणि मिळालेली उत्तरे याच पानावर छापू.