तंजावरचे मराठी संगीत आणि ध्वनीची प्रत

ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये, तर स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये मूळ ध्वनीत घट न करणारी, म्हणजेच लॉसलेस सेवा सुरू केली. संगीताच्या बाजारपेठेत ध्वनीच्या प्रतीला पुन्हा महत्त्व आल्याचे हे लक्षण आहे. मात्र या सुधारणेचा लाभ ज्यांचे मूळ ध्वनिमुद्रण सुस्थितीत आहे, त्यांनाच मिळतो. पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदाच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचे बहुदिश ध्वनीसाठी नवे मिश्रण २००३ मध्ये निघू शकले, ते मूळ फिती तीस वर्षे जपल्यामुळेच.

या पार्श्वभूमीवर तंजावरच्या मराठी संगीत परंपरेचा विचार उद्बोधक ठरतो. दुसरे सरफोजी राजे यांनी नृत्यासाठी मराठी पदे रचली. त्यांच्या काळातील ग्रंथसंपदा सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. पुढे मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तंजावर कृष्ण भागवत यांनी हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग तमिळ कथेत रुजले. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिले ध्वनिमुद्रण केले ते १९०२ मध्ये. सरफोजींचे निधन १८३२ मध्ये, तर भागवतांचे १९०३ मध्ये झाले. त्यामुळे सरफोजींच्या पदांचे शब्द उरले, दरबारातील गायन मात्र ऐकता येत नाही.

त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांनाही मर्यादा होत्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे मावत; कित्येक तास चालणारी हरिकथा त्यात बसणे अशक्यच होते. चुंबकीय फितींमुळे ही अडचण दूर झाली. तथापि, त्या वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत असल्याचा इशारा युनेस्कोने २०१९ मध्ये दिला.

अशा फितींचे अंकीकरण घाईने करणेही धोक्याचे आहे. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये सीडीच्या तुलनेत सुमारे एक अकरांश माहितीच उरते. गाळलेला ध्वनी नंतर कोणत्याही रूपांतराने परत येत नाही. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांचे आंतरराष्ट्रीय निकष किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा, संकोच न केलेला ध्वनी साठविण्यास सांगतात.

प्रतीइतकीच सूचीही आवश्यक आहे. गायक, राग, भाषा, स्थळ आणि तारीख यांची नोंद नसलेली फीत शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. तंजावरने ग्रंथांच्या बाबतीत जी दक्षता दाखविली, तीच आता आवाजाच्या बाबतीतही दाखवावी लागेल. यंत्रे चालू आहेत तोवरच हे काम शक्य आहे.