गाडीतला बेस आणि गाण्यातले शब्द



या सदरात आम्ही मुलांच्या वह्यांपासून लग्नातल्या खर्चापर्यंत पुष्कळ विषय घेतले. वूफरच्या पेटीवर लिहिण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली आहे. शेवगावच्या एका तरुण बांधवाचे पत्र आले. शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर ते प्रवासी गाडी चालवतात. गाडी जुनी, कर्जाने घेतलेली आणि हप्ता अजून चालू. बारा इंची वूफर व अ‍ॅम्प घेऊन झाला आहे. आता तो कोणत्या पेटीत बसवावा, हा प्रश्न आहे. एक मित्र म्हणतो बंद पेटी घे, दुसरा म्हणतो नळीची घे, दुकानदार तिसरीच दाखवतो. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "आई म्हणते, तुमच्या त्या गाड्यांत गाणे बाबासाहेबांचे असते, पण शब्द एक कळत नाही, नुसते छातीत धडधडते."

आम्हांला त्या माउलीची तक्रार पत्रातल्या सर्व तांत्रिक प्रश्नांहून मोठी वाटली. ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल आली नाही, त्या पिढीला चवदार तळे, नागपूरची दीक्षा आणि संविधान हे सारे गाण्यांतून कळले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांची गाणी गावोगाव पोहोचली. त्याआधीच्या आंबेडकरी जलशांना तर वीजही नव्हती, तरी शेवटच्या माणसाला शब्द ऐकू जात असे. तेव्हा आमचा निकष हाच राहील : पेटी अशी हवी की ठोका लागावा आणि शब्दही कळावा.

आधी पेटी लागतेच कशाला, ते पाहू. वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा व मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. वूफर नुसता फळीवर मोकळा ठेवला तर मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खालचे स्वर एकमेकांना मारून टाकतात. या मागच्या आवाजाचे काय करायचे, एवढ्यावरूनच पेट्यांचे प्रकार पडले आहेत.

बंद पेटीत, म्हणजे सील्डमध्ये, तो कोंडून ठेवतात. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखे काम करते, पडद्याला परत जागेवर आणते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावर लहान आकाराचा स्पीकर बाजारात आणला. ही पेटी जागा कमी घेते, बनवायला सोपी असते, मापात थोडे इकडेतिकडे झाले तरी निभावते. ढोलकीचा ठोका येतो आणि थांबतो, मागे घुमत राहत नाही. उणीव एकच, त्याच अ‍ॅम्पवर ती थोडी हळू वाजते.

नळीच्या पेटीत, म्हणजे पोर्टेडमध्ये, मागचा आवाज ठरावीक मापाच्या नळीतून किंवा खाचेतून बाहेर काढतात. नळीतली हवा एका विशिष्ट स्वराला डोलू लागते आणि तिथे मागचा आवाज पुढच्याला साथ देतो. त्या स्वराच्या आसपास साधारण ३ डेसिबलचा फायदा मिळतो. अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली तरी फायदा तेवढाच होतो, म्हणून तरुणांना ही पेटी आवडते. पण ती बंद पेटीच्या दीडपट-दुप्पट मोठी लागते आणि नळीचे माप बरोबर बसावे लागते. नळी लांब केली की स्वर खाली जातो, आखूड केली की वर चढतो. भगवंतांनी सोण स्थविरांना वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. सुतार अंदाजाने नळी कापतो तेव्हा नेमके तेच चुकते. शिवाय नळीच्या स्वराखालचा आवाज आला की पडद्याला हवेचा आधार राहत नाही. तो सैरभैर हलतो आणि जास्त आवाजात वूफर फाटू शकतो. अ‍ॅम्पवर खालचे स्वर कापणारे सबसॉनिक बटण असेल तर ते चालू ठेवावेच लागते.

दुकानदार दाखवतो ती तिसरी पेटी बँडपास असावी. तिच्यात वूफर आत दोन कप्प्यांच्या मधल्या फळीवर असतो आणि आवाज फक्त नळीतून बाहेर पडतो. थोड्या स्वरांत ती फार जोरात वाजते, बाकी स्वरांत मागे पडते, त्यामुळे प्रत्येक गाणे एकाच 'धूं'वर येते. माउलीने ऐकली ती बहुधा हीच, किंवा चुकीच्या नळीची. हिचा विचार सोडून द्यावा.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावतात, त्यांना सर्रास 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे रे डॉल्बी यांचे आडनाव. त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव आपण गोंगाटालाच देऊन बसलो!

आता निवड. वूफरच्या खोक्यात एक कागद असतो, तो बहुतेकजण फेकून देतात. त्यावरचे आकडे ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या पद्धतीने काढलेले असतात. त्यात 'एफएस' आणि 'क्यूईएस' शोधावे व पहिल्याला दुसऱ्याने भागावे. उत्तर ५०च्या आसपास किंवा खाली आले तर वूफर बंद पेटीचा, १००च्या आसपास किंवा वर आले तर नळीचा, मध्ये असेल तर दोन्हींत चालतो. समजा एफएस २७ आणि क्यूईएस ०.६ आहे, तर उत्तर ४५ येते. तो बंद पेटीत घालावा. हा ढोबळ आडाखा आहे. कंपनीने कागदावर पेटीचे लिटर दिले असतील तर तेच प्रमाण मानावे.

आकडा मध्ये आला तरी या बांधवांनी बंद पेटीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी प्रवाशांची आहे. पेटीसाठी एका सीटची जागा गेली तर रोजची कमाई जाते आणि हप्ता काही थांबत नाही. उन्हाळ्यात काचा उघड्या असतात, तेव्हा गाडीच्या बंद पोकळीमुळे बेसला मिळणारी साथ कमी होते, हे खरे. तेवढे सोसावे. ज्यांची स्वतःची गाडी आहे, मागे जागा आहे, अ‍ॅम्प लहान आहे आणि हल्लीची रिमिक्स गाणी ऐकायची आहेत, त्यांनी नळीची पेटी जरूर करावी, पण माप कागदावरून घेऊन.

बंद पेटी घरीही होते. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड घ्यावे. एमडीएफ स्वस्त पडते, पण ओल लागली की फुगते. समजा कागदावर ३० लिटर आहे. आतून ४० सें.मी. रुंद, ३४ उंच आणि २२ खोल अशी पेटी केली तर गुणाकार २९,९२० घन सें.मी., म्हणजे जवळजवळ ३० लिटर होतो. वूफरच्या मागच्या भागाने व्यापलेली जागा त्यात वाढवून धरावी आणि चुंबक मागच्या फळीला टेकत नाही ना, तेही मोजून पाहावे. सांध्यांना फेविकॉल, दर दहा-बारा सें.मी.वर स्क्रू आणि आतून सिलिकॉन. वूफर बसवल्यावर पडदा बोटांनी हलकेच दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी घट्ट, झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

पेटी गाडीच्या तळाला बोल्टने आवळावी. घाटात ब्रेक लागला तर सुटी पेटी मागच्या प्रवाशाच्या पायावर येईल. अ‍ॅम्पची मुख्य तार तांब्याची असावी, फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असावा, आणि अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या पत्र्याला लावावी. जुन्या गाडीत आग लागते ती बहुधा तारेपायी.

मग आवाज लावायचा. बेसचे बटण शून्यावर ठेवून वामनदादांचे एखादे गाणे लावावे, मागच्या सीटवर आईंना बसवावे आणि बटण हळूहळू वाढवावे. शब्द पुसट होतो असे त्या म्हणतील तिथून थोडे मागे यावे. अ‍ॅम्पवरचा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला तर माणसाचा आवाज वूफरमध्ये फारसा शिरणार नाही.

बांधव दिवसभर त्याच गाडीत बसणार, म्हणून कानांचेही सांगतो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाडीत तान्हे मूल असेल तर बेस बंदच ठेवावा. वस्तीत गाडी उभी करून दारे उघडी ठेवून वाजवणाऱ्यांसाठी २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. आपल्या वस्त्यांत भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चाललेला असतो.

नळीची पेटी करणाऱ्यांना एक सूचना. उसाच्या गाड्यांमागून जाताना जी धूळ उडते ती नळीतूनही आत जाते. नळीच्या तोंडाला विरळ जाळी लावावी आणि ते तोंड सीटला किंवा पत्र्याला चिकटू देऊ नये, निदान नळीच्या रुंदीइतके अंतर सोडावे. वूफरचा कागद सापडत नसेल तर त्याच्या मागच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर आम्हांला कळवावा.