कानडी अक्षरांत मराठी नाताळ

मार्गशीर्षातली थंडी पडली, तुरी वाळायला लागल्या की आमच्या भागात दोन गोष्टींची तयारी एकदम सुरू होते. एक येळवशीची आणि दुसरी नाताळाची. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. तेव्हा सगळा गाव रानात जातो, ज्वारीच्या उभ्या पिकात पूजा मांडतो आणि भज्जी, उंडे, आंबील पोटभर खातो. ही अमावस्या बहुतेक वर्षी डिसेंबरच्या उत्तरार्धात नाहीतर जानेवारीच्या आरंभी येते. त्यामुळे आमच्या घरची भज्जी मावशींकडे जाते, आणि मावशींकडून करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा आमच्याकडे येतो. कधी येळवस आधी, कधी नाताळ आधी, पण डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. माहेर अहमदनगरचे (आता अहिल्यानगर). मिशन दवाखान्यात नोकरी केली, लग्न होऊन इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. ऐंशी ओलांडली तरी रविवारची उपासना चुकवत नाहीत. यंदा त्या माझ्याकडे आल्या त्या डबा घेऊन नव्हे, तर एक जीर्ण पुस्तक पिशवीत घालून.

"अगं, तुला कानडी लिहिता येतं ना चांगलं? मला चार गाणी लिहून दे. मराठीच, पण कानडी अक्षरांत."

पुस्तक ‘उपासनासंगीत’ होते. कडा झिजलेल्या, बांधणी सुटलेली, आणि काही पदांच्या शेजारी पेन्सिलीने खुणा.

प्रश्न साधा आहे आणि साधा नाहीही. बीदर जिल्ह्यात मेथडिस्ट मंडळ्या शंभराहून अधिक वर्षांपासून आहेत आणि त्यांची उपासना मुख्यतः कानडीत चालते. ते स्वाभाविकच आहे. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. नातीगोती मात्र कोणत्याच नकाशाने तोडली नाहीत. नगर, सोलापूर, उदगीरकडून सुना येत राहिल्या. प्रत्येकीने आपापली गाणी आणली. स्वयंपाकघरात, पाळण्याजवळ, आजाऱ्याच्या उशाशी ही गाणी मराठीतच राहिली. नातवंडे कानडी शाळेत गेली. त्यांना मराठी बोलता येते, कळते, पण देवनागरी ओळ वाचताना ती अडखळतात. मोबाइलवर ऐकलेली हिंदी गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. मावशींची पदे मात्र वाचता येत नाहीत.

मंडळीत यावर थोडी धुसफूसही झाली म्हणे. काहींचे म्हणणे, घरे मोजकी, त्यात पुन्हा भाषा दोन कशाला? मला हा आक्षेप अगदी चुकीचा वाटत नाही. लहान मंडळीला एकत्र गाता येईल असे काहीतरी हवेच. शेवटी असे ठरले की नाताळाआधीच्या आठवड्यात तरुण मुले घरोघरी गात जातात, तेव्हा कानडी गाण्यांसोबत चार मराठी पदे म्हणायची. मुलांना वाचता आली तर! म्हणून मावशी माझ्या दारात.

मी लिहायला बसले तेव्हा वाटले, तासाभराचे काम आहे. चार दिवस गेले. कानडीत ए आणि ओ यांचे र्‍हस्व-दीर्घ वेगळे असतात, मराठीत एकच चिन्ह. प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागले. ‘चांदणे’ मधला च कानडी मुलगा ‘चिमणी’तल्या चसारखा वाचणार, ‘जवळ’ मधल्या जचेही तेच. अर्थात ही खूण आपल्या देवनागरीतही नाहीच. आपण तो फरक कानाने शिकलेलो असतो, आणि वर्षानुवर्षे शिकवूनही माझ्या हे कधी ध्यानात आले नव्हते! एक गोष्ट मात्र उलट घडली. कानडी वाचणारा ‘देव’ हा शब्द शेवटच्या अकारासह पूर्ण उच्चारतो. बोलताना ते आपल्याला खटकते, पण अभंग-ओवी गाताना आपणही तो अकार पूर्णच म्हणतो. म्हणजे मुलांनी कानडी वळणाने वाचले की ओळ तालात बरोबर बसते.

या पदांपैकी कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे नगरला काढली. त्यांच्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले होतेच. टिळकांनी अभंग, भजन, ओवी यांना देवळात हक्काची जागा मिळवून दिली. साहेबी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या शब्दांपेक्षा ती पदे लोकांच्या तोंडी सहज बसली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, १९१९ मध्ये ते गेले, आणि ते काव्य पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. पण टिळकांची पदे आजही एखाद्या आजीच्या पिशवीत असतात, हे वर्गात सांगितले की मुलांना नवल वाटते.

परक्या लिपीचे तरी काय मोठेसे? मराठीतले पहिले मोठे ख्रिस्ती काव्य, फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले तेच मुळी रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषेच्या थोरवीचे इतके कौतुक, आणि अक्षरे रोमन! १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळूरला, म्हणजे आपल्याच आजच्या कर्नाटकात, आणि तीही रोमनमध्येच. हे मावशींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझी चार पानं कानडीत गेली तर टिळक काही रागवायचे नाहीत."

शब्दांची सोय झाली. खरी काळजी चालीची आहे. पुस्तकात पदाच्या डोक्यावर फार तर रागाचे नाव किंवा दुसऱ्या एखाद्या गाण्याची चाल दिलेली असते. ते दुसरे गाणेही आता कुणाला येत नाही. नगरच्या शब्बाथशाळेत लहानपणी शिकलेली चाल मावशींच्या गळ्यात आहे, आणि तो गळा आता थकतो. दुसरे कडवे म्हणताना त्या थांबल्या, डोळे मिटले, बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. आठवेना. मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळता मळता ती ओळ आपोआप आली आणि त्या तिथूनच मोठ्याने म्हणाल्या. त्यांच्या नातवाने पळत जाऊन मोबाइलवर ती टिपली. मागे परातीचा आवाज आहे. राहू दे.

तर आता पुढचे. नाताळाच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, त्यात तालमी शनिवारी संध्याकाळी. महिला समाजाच्या बायका फराळासाठी एकत्र बसतील, शब्बाथशाळेची मुले गोठ्याचा देखावा करतील, मेंढपाळांसाठी घोंगडी आमच्याच घरची जाणार आहे. गाणारी मुले रात्री नऊनंतर निघतील, फक्त ख्रिस्ती घरी नाही, बोलावतील त्यांच्याही अंगणात जातील. पंचवीसला सकाळी उपासना. एकतीसच्या रात्री जागरणाची उपासना, ती बारा वाजून गेल्यावर संपते. ज्यांना मुलांना अंगणात गायला बोलवायचे असेल त्यांनी आधी कळवावे. थंडीत उभे राहतात बिचारी, चहा तरी ठेवता येतो.

परवाच्या तालमीला मी मागे बसले होते. मुले माझी पाने हातात धरून गात होती. तिसऱ्या ओळीला एकाने सिनेमातल्यासारखी तान घेतली. मावशींनी काठी जमिनीवर आपटली.

"थांबा. सरळ म्हणा. पुन्हा पहिल्यापासून."