अठरा पूर्ण होताना

"बाजी, नोव्हेंबरनंतर मी कुठं राहायचं?" प्रतिपालक कुटुंबातल्या एका मुलानं विचारलं. चार वर्षं त्याची फाईल माझ्याकडे आहे. गृहभेटी, शाळा, बालकल्याण समितीचे अहवाल, सगळं त्यात आहे. प्रतिपालकत्व १८ व्या वर्षी संपतं. बालन्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४६ पुढं मदत देतं, पण संस्था सोडणाऱ्या मुलाला. हा तर घरात वाढला! (घर मिळालं, हा काय गुन्हा?) आधार, दाखले, बँक खातं मी वर्षभर आधीच जमवलं, या एका शब्दावर मात्र अडले. समितीकडे अर्ज दिलाय.

त्याच्या खालांना सांगायला गेले. त्या चपात्या लाटत होत्या. म्हणाल्या, "कागदाचं तुम्ही बघा. त्याची गादी इथून हलणार नाही. आणि त्याला जेवून जायला सांगा, उपाशीच निघालाय."